कापडाचं घर

संपादकाचा निरोप आला. कविता बास झाल्या, या खेपेला गद्य दे. घरावर लिही.

घरावर! मी एकटाच हसलो. घर म्हणजे काय आपल्याकडं? गावात होतं ते गावकुसाबाहेर होतं. मुंबईत होतं ते १६० चौरस फूट होतं आणि कागदावर सरकारचं होतं. आता आहे ती सूतगिरणीच्या मागची पत्र्याची खोली, तिघांत एक. तिघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळं एकच गादी चोवीस तास गरम. एक उठतो, दुसरा पडतो. याच्यावर काय लिहू? लिहिलं तर लोक म्हणणार, आला पुन्हा रडगाणं घेऊन.

म्हणून दुसऱ्याच एका माणसाच्या घराविषयी लिहितो. माणूस कोरियाचा आहे. नाव दो हो सू. शिल्पकार. पण दगड फोडत नाही, कापड शिवतो.

तिसरी पाळी चालू होती. रात्रीचे दोन वाजलेले. चहाच्या सुट्टीत वायंडिंगचा एक दोस्त मोबाईल घेऊन आला नि म्हणाला, "हे बघ, तुझ्यासारखाच येडा दिसतोय. कापडाचं घर केलंय." मी बघितलं. आधी वाटलं, मांडव असेल. लग्नाचा नाहीतर जयंतीचा. मग नीट बघितलं तर छताला टांगलेलं एक अख्खं घर. हिरवट, पाण्यासारखं. भिंती आरपार दिसताहेत. दारं, खिडक्यांची जाळी, छपराच्या वाशांची टोकं, सगळं शिवलेलं. खाली माणसं हिंडताहेत, वर घर तरंगतंय.

माझा पहिला सवाल धंद्याचा होता. सूत कुठल्या नंबरचं? वीण कुठली? आम्ही सुतातली माणसं, आम्हाला चित्र नंतर दिसतं, धागा आधी दिसतो. नंतर शोधून वाचलं. डिक्शनरी शेजारी घेऊन वाचतो, एका पानाला एक रात्र जाते. कापड रेशमाचं, ऑर्गॅंझा. सरळ साधी वीण, पण धाग्याला पीळ जबर. रेशमाचा डिंक पुरता धुऊन काढत नाहीत, म्हणून कापड पातळ असूनही कडक उभं राहतं. पुढच्या घरांना त्यानं पॉलिएस्टर वापरलं. आत बारीक स्टीलच्या नळ्या. पॉलिएस्टरचं वाचून मला उगीच बरं वाटलं. ते आमच्या जवळचं आहे.

हा माणूस १९६२ ला सोलमधे जन्मला. तिथल्या विद्यापीठात कागद, शाई, ब्रश अशी पौर्वात्य चित्रकला शिकला. सक्तीची लष्करातली नोकरी केली. १९९१ ला अमेरिकेत गेला, तिथं पुन्हा पहिल्यापासून शिकला, शेवटी येल विद्यापीठात शिल्पकला. आता बरीच वर्षं लंडनला असतो. न्यूयॉर्कमधे राहायचा तेव्हा खोलीच्या समोर आगीचे बंब. रात्रभर घंटा नि भोंगे. झोप लागेना. पडल्या पडल्या विचार करायला लागला की मला शेवटची चांगली झोप कुठं लागली होती? आईबापाच्या घरी, सोलमधे, माझ्या लहानशा खोलीत. मग ती खोली इथं आणता येईल का? दगडाची आणता येणार नाही, लाकडाची नाही. कापडाची येईल. घडी घालून पेटीत.

झोपेपासून कला निघाली, हे मला फार पटलं. तिसऱ्या पाळीच्या माणसाला विचारा झोप काय असते ते.

१९९९ साली ते घर पुरं झालं. बापाच्या घराचं माप, इंच न् इंच, टेप लावून घेतलं. शिवण साधी नव्हती. जुनी पारंपरिक शिवण जाणणाऱ्या म्हाताऱ्या बायका आईनं शोधून दिल्या, त्यांच्याकडून तो शिकला. पहिल्यांदा लॉस एंजेलिसला टांगलं. त्याचं नावही मोठं मजेशीर. पहिलं नाव 'सोल घर'. पुढं ज्या ज्या गावात ते टांगलं त्या त्या गावाचं नाव मागं जोडत गेला. सोल घर, एलए घर, न्यूयॉर्क घर, बाल्टिमोर घर, लंडन घर, सिअॅटल घर. रेशनकार्डावर पत्ते वाढत जावेत तसं.

आमच्या घराण्याच्या नावामागंही गावं जोडता येतील. सातारा घर, वरळी घर, पुन्हा सातारा घर, मग ही गिरणी. पण आम्ही दर वेळी घर तिथंच टाकून निघालो. घडी घालण्यासारखं काही नव्हतं. गोधडी होती, ती घेतली.

आता त्याच्या बापाच्या घराचं सांगतो, कारण माझं भांडण तिथंच सुरू होतं.

बाप सू से-ओक, शाईनं चित्रं काढणारा कोरियातला नामांकित चित्रकार. २०२० साली गेला. १९७० च्या दशकात सोल शहर जुनी कौलारू घरं पाडून सिमेंटचे मनोरे बांधत सुटलं होतं. तेव्हा ह्या माणसानं उलटी गोष्ट केली. जुनं लाकूड जमवलं आणि जुन्या पद्धतीचं घर बांधलं. नमुना कुठला घेतला? राजवाड्यातला. चांगदोकगुंग नावाच्या राजवाड्याच्या मागच्या बागेत १८२८ साली राजपुत्रानं एक घर बांधवून घेतलं होतं, विद्वान सरदार लोकांच्या घरासारखं. त्याच्यावरून हे. लाकडात लाकूड अडकवून उभं केलेलं. असं घर सोडवून, वाहून, दुसऱ्या जागी पुन्हा जोडता येतं. तिथले सुतार त्याला 'घर चालवत नेणं' म्हणतात. हे शब्द दो हो सूनं लहानपणी ऐकले आणि जन्मभर धरून ठेवले. लंडनच्या टेट मॉडर्नमधे २०२५ साली त्याचं मोठं प्रदर्शन झालं, त्याला नावच 'वॉक द हाऊस'. ते उघडलं एक मेला. कामगार दिन. त्यांच्या लक्षात असेल नसेल, माझ्या आलं.

तर भांडण असं. ज्याचं घर राजवाड्याच्या नमुन्याचं, त्यानं घराची आठवण काढावी, रेशमात शिवावी, जगभर टांगावी. ठीक आहे. पण आठवण म्हणजे सुखाचीच असते हे कुणी ठरवलं? मी खोलीवरच्या दोस्ताला म्हणालो, "हे सगळं पोटभरल्यांचं आहे." तो म्हणाला, "तुला कोरियातलं काय माहीत? तिथं आपल्यासारखं कुणी होतं का?"

सवाल बरोबर होता. मी शोधायला लागलो. आणि जे सापडलं त्यानं दोन रात्री झोप उडाली.

होतं. त्यांना 'बेकजोंग' म्हणत. जनावरं कापणं, कातडं कमावणं, टोपल्या विणणं ही त्यांची कामं. गावापासून वेगळी वस्ती. मोठ्यांसमोरच काय, साध्या शेतकऱ्याच्या पोरासमोरही मान खाली. आणि बंधनं कसली? बेकजोंगानं कौलारू घरात राहायचं नाही. बेकजोंगानं रेशीम अंगावर घालायचं नाही. घोड्याच्या केसांची ती काळी टोपी सभ्य माणसं घालतात, ती यांनी घालायची नाही.

कौलारू घर नाही. रेशीम नाही. दो हो सूचं ते घर कौलारू, आणि शिवलंय रेशमात. पाचशे वर्षं ज्या दोन गोष्टी तिथल्या आपल्या माणसांना मना होत्या, त्या दोन्ही एका कलाकृतीत येऊन बसल्या. त्यानं हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या मनात हे आलं असेल असंही म्हणत नाही. तो आईबापाच्या घराची आठवण काढत होता, त्यात खोट नाही. पण घर, कौल, कापड ह्या गोष्टी कधीच नुसत्या घर, कौल, कापड नसतात. त्यांना कुणाचा तरी हात लागलेला असतो आणि कुणाला तरी हात लावू दिलेला नसतो.

१८९४ च्या सुधारणांत कायद्यानं ही जात मोडली. कायद्यानं. आपल्याला माहीत आहे, कायद्यानं काय काय मोडतं नि काय शिल्लक राहतं. म्हणून १९२३ च्या एप्रिलात जिंजू गावात बेकजोंगांनी संघटना काढली, 'ह्योंगप्योंगसा'. ह्योंग म्हणजे तराजूची दांडी. खाटकाचाच तराजू. त्याची दांडी समान पाहिजे, माणूसही समान पाहिजे. दोस्तांनो, साल बघा. १९२३. महाडचं तळं १९२७ चं. चारच वर्षांचं अंतर, मधे समुद्र. आपल्याला शाळेत कोरिया नकाशावर दाखवला, पण तिथं आपली भावकी आहे हे कुणा मास्तरनं सांगितलं नाही.

हे कळल्यावर मी ते हिरवं घर पुन्हा बघितलं. आता ते जास्त सुंदर दिसायला लागलं आणि जास्त टोचायलाही लागलं.

टोचायला आणखी एक कारण आहे. कापडाचं आणि आमचं नातं साधं नाही. माझे पणजोबा मुंबईच्या गिरणीत त्रासनखात्यात होते. सूत काढायचं खातं, पगार कमी. विणायच्या खात्यात, साच्यावर, पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला घेत नसत. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायला लागायचा. महाराच्या तोंडाचा धोटा पुढच्या पाळीचा मराठा कसा तोंडाला लावणार? बाटतो ना. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हाच सवाल युनियनवाल्यांपुढं ठेवला. मजुरांची एकजूट म्हणता, मग आमच्या माणसाला साचा का नाही? लाल झेंडेवाल्यांना त्याचं उत्तर जड गेलं.

म्हणजे आम्ही सूत काढायचं, कापड दुसऱ्यानं विणायचं. आज मी रिंगफ्रेमवर सायडर आहे. तुटलेला धागा जोडतो. पाळीत किती वेळा वाकतो त्याचा हिशेब नाही. पणजोबाही हेच करत होते. तोंड लावायची गरज संपून कित्येक वर्षं झाली, धोटेही भंगारात गेले, तरी आमच्या घरात अजून कुणी कापड विणलेलं नाही. हा माणूस मात्र सुईदोरा घेऊन दाराची कडीसुद्धा शिवतो. हेवा वाटला. खरं सांगतो, हेवाच वाटला.

पण त्याची बाकीची कामं बघत गेलो तसा राग निवळला. माणूस नुसता घरकोंबडा नाही. 'फ्लोअर' नावाचं काम आहे. काचेची फरशी, तुम्ही तिच्यावरून चालायचं. खाली वाकून बघितलं की दिसतं, ती फरशी बोटाएवढ्या प्लास्टिकच्या माणसांनी हात वर करून पेललेली. सुमारे १,८०,००० माणसं. तुम्ही बूट घालून त्यांच्या तळहातांवर उभे. १९९८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधे त्यानं एक चौथरा केला, पुतळ्याला असतो तसा. वर पुतळाच नाही. चौथरा रिकामा, आणि तो खालून शेकडो बारकी माणसं उचलून धरताहेत. आणखी एक, 'सम/वन'. सैनिकाच्या गळ्यात असतात ते पत्र्याचे बिल्ले हजारोंनी जोडून राजाचा झगा केला. लांबून राजा, जवळून एकेक शिपाई. आत कुणी नाही, झगा पोकळ.

रिकाम्या चौथऱ्यावर मी बराच अडलो. आमच्या वस्तीच्या नाक्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे, तो असा रिकामा मला चालेल का? नाही चालणार. ज्यांना पुतळे हजार वर्षं मिळाले त्यांनी आता रिकामे चौथरे करावेत. आमचा एकच बसलाय, आणि त्यालाही मधूनमधून जाळीचा पिंजरा करावा लागतो.

आता ग्वांगजूचं.

ग्वांगजू हे दक्षिण कोरियातलं शहर. १९८० च्या मे महिन्यात तिथं लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी, कामगार, टॅक्सीवाले रस्त्यावर आले. सैन्य घुसवलं. १८ मे ते २७ मे. शेकडो माणसं मारली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. बाकीच्या देशाला काही कळू दिलं नाही. कळलं तेही असं की दंगलखोर होते, कम्युनिस्टांचे हस्तक होते. आपल्या माणसांना हे वाक्य ओळखीचं आहे, फक्त शब्द बदलतात. दो हो सू तेव्हा अठराएक वर्षांचा. २०१२ साली त्याच शहरात कलेचा मोठा मेळा होता. तिथल्या जुन्या थिएटरच्या कामगारांच्या रिकाम्या खोल्या त्यानं घेतल्या, भिंतींना सगळीकडून कागद लावला आणि वरून पेन्सिल, खडू घासत गेला. खालचा खडबडीतपणा कागदावर उमटतो. आपण लहानपणी रुपयाच्या नाण्यावर कागद ठेवून करायचो ना, तेच. पण त्यानं आणि त्याच्या मदतनीसांनी डोळ्यांवर पट्ट्या बांधून केलं. जे बघू दिलं नाही ते हातानं चाचपायचं.

ह्या पद्धतीला त्यानं नाव दिलंय 'रबिंग/लव्हिंग'. कोरियन लिपीत र आणि ल यांना एकच अक्षर आहे. म्हणून घासणं आणि माया करणं हे दोन इंग्रजी शब्द त्यांच्या जिभेवर जवळजवळ येतात. न्यूयॉर्कची त्याची भाड्याची जागा, वेस्ट २२ व्या रस्त्यावरची, तिथं तो १९९७ ला राहायला गेला. ती कायमची सोडायच्या आधी २०१६ साली आतला इंच न् इंच असा घासून घेतला. बटणं, नळ, कपाटाची दारं, सगळं. बापाचं ते सोलचं घरही बाहेरून अख्खं तुतीच्या सालीच्या कागदात गुंडाळून शिसपेन्सिलीच्या पुडीनं घासून काढलं. लोक मेलेल्या माणसाचा चेहरा कुरवाळतात तसं घराला.

इथं माझं डोकं चाललं. मुंबईला आजीची खोली जाणार होती.

वरळीची बीडीडी चाळ. ब्रिटिशांच्या डेव्हलपमेंट खात्यानं शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेल्या सिमेंटच्या चाळी. तळमजला अधिक तीन मजले, मधे अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूला खोल्या, टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. आता त्या पाडून टॉवर होताहेत. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टमधे दिल्या. ५०० फुटांचं घर, आत संडास, आत न्हाणी. आजीची बिल्डिंग त्यात नव्हती. तिला आधी संक्रमण गाळ्यात जायचं होतं. सामान बांधायला मी गेलो. जाताना गिरणीतनं कोन बांधायच्या तपकिरी कागदाचं भेंडोळं घेतलं, वायंडिंगवाल्यानं दिलं. आणि सुताराची जाड पेन्सिल, चार.

आजी म्हणाली, "हे काय आणलंस?"

मी मोबाईल काढून तिला सगळं दाखवलं. हिरवं घर बघून ती म्हणाली, "मच्छरदाणी हाय का?" मग त्याची वस्तूंची मालिका दाखवली. न्यूयॉर्कच्या खोलीतला फ्रीज, शेगडी, बाथटब, संडासाचं भांडं, एकेक काचेच्या पेटीत, सगळं कापडाचं शिवलेलं. संडासाचं भांडं बघून ती इतकी हसली की खोकला लागला. "आरं, कापडाचा संडास! आनि पानी कुठं जातंय?" मग जरा थांबून म्हणाली, "त्याच्या खोलीच्या आतच हुता म्हन की. म्हनून आठवन येतीया. आमी पन्नास वर्सं पॅसेजच्या टोकाला डबडं घिऊन रांग लावली. त्या रांगेची आठवन शिवशील का?"

मी काय बोलणार. तिला हे घर जाण्याचं दुःख नव्हतं. मला होतं, आणि मी तिथं दिवाळीच्या नि मेच्या सुट्टीत आठ दिवस राहणारा पाहुणा. ज्याला रोज राहायला लागतं त्याला पाचशे फूट पाहिजे असतात. ज्याला लिहायचं असतं त्याला आठवण पाहिजे असते. हे मी तिथं शिकलो, आणि मला ते आवडलं नाही.

तरी मी कागद लावला. पहिल्यांदा भिंत घेतली. चुन्यावर चुना, त्यावर निळा डिस्टेंपर, त्यावर ऑइलपेंट. कागदावर पोपडे उमटले, नकाशासारखे. बाबासाहेबांच्या नि बुद्धाच्या तसबिरींचे दोन खिळे. त्यांच्या खाली माझ्या काकाची उंची दर वर्षी कोरलेली, सात रेघा, मग बंद. काका सातवीनंतर कामाला लागला. स्विचबोर्ड घेतला, एक बटण तुटलेलं. मग दार.

दार मी सहज घेतलं होतं. तुळतुळीत तपकिरी दार, कितीदा रंगवलेलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पेन्सिल आडवी धरून घासत खाली आलो, तर कडीच्या जरा खाली कागदावर पांढरे डाग सुटायला लागले. पेन्सिल लागेना. खळगे होते. एक, दोन, पाच. वाटीएवढा एक, बाकीचे लहान. मी बोट लावून बघितलं. आत लांबी भरलेली, ती सुकून खोल गेलेली, वरून रंग.

"आजी, हे काय आहे?"

ती भांडी बांधत होती. आली, कागदाकडं बघितलं. दाराकडं नाही बघितलं, कागदाकडंच. आणि खाली बसली.

१९७४ चा जानेवारी. मी हे पुस्तकात वाचलेलं. ५ जानेवारीला वरळीत दलित पँथरची सभा झाली, तिच्यावर दगड आले, आणि दंगल पेटली ती कितीतरी दिवस धुमसत राहिली. १० तारखेच्या मोर्चात परळला भागवत जाधव मारला गेला. वरून दगड टाकला, दळायचा. हे सगळं मला सनावळीसकट पाठ. त्याच्यावर माझी कविताही आहे, याच मासिकात छापून आली. पण ते दगड आमच्या दारावर पडले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या दाराला टेकून अभ्यास केलाय.

आजी म्हणाली, नवीन लग्न झालेलं. आजोबा दुसऱ्या पाळीला गेलेले. बाहेर आरडाओरडा, तिनं दार लावलं, आतून पाटा लावला, वर पिठाचा डबा ठेवला आणि पाठ लावून बसली. एक एक दणका पाठीत बसत होता म्हणाली. कोण होते ते सांगितलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "त्यातलं काय काय मेलं, काय काय हितंच म्हातारं झालं. आता नव्या बिल्डिंगीत माझ्याच मजल्यावर येनार असतील." मग म्हणाली, "तुझ्या आज्यानं दुसऱ्या दिशी लांबी भरली. म्हनला, पोरास्नी दिसाया नगो."

पोरांना दिसलं नाही. नातवाला तपकिरी कागदावर दिसलं. डोळ्यांवर पट्टी मी बांधली नव्हती, ती आजोबांनीच बांधून ठेवलेली होती, मायेनं.

लंडनला रॉबिन हूड गार्डन्स नावाची सरकारी वसाहत होती, १९७२ ला बांधलेली. तीही पाडायला घेतली. पाडकाम चालू असताना, काही खोल्यांत लोक अजून राहत असताना, दो हो सूनं तिथं कॅमेरा आत नेला. फिल्म २०१८ ला व्हेनिसला दाखवली. कॅमेरा भिंतीतून भिंतीत सरकत जातो. एका खोलीत संसार मांडलेला, पडदे, फोटो, टीव्ही, शेजारची मोकळी. कुणी काही बोलत नाही. ती मी आजीला दाखवली नाही. तिचं तेव्हा तिसरंच चाललं होतं, गॅसची शेगडी टेंपोत आडवी ठेवायची की उभी.

दाराचा कागद मी अर्धवट सोडला. पुढं घासायला हात झाला नाही. टेंपोवाला खालून हॉर्न मारत होता. आजीनं कुलूप लावलं, मग तिला आठवलं की कुलूप लावायची गरज नाही, म्हणून काढून पिशवीत टाकलं. कुलूप चांगलं होतं.

मी परत पाळीला आलो. त्या कागदांचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. खोलीत जागा नाही, एक गादी नि तीन पेट्या. म्हणून भेंडोळं आजीकडंच ठेवलं. मनात होतं की एखादा मोठा कागद मिळवून त्यावर सगळं डकवावं, आपल्या संमेलनात मांडवाला टांगावं. संपादकाला तसं बोललोही होतो.

परवा सुट्टीत गाळ्यात गेलो. आजीनं चहा टाकला. भांड्यांची मांडणी नवी लावलेली, आणि तिच्यावर, डब्यांच्या खाली, तपकिरी कागद अंथरलेले. कडा कातरीनं नीट कापलेल्या. "चांगला जाड कागद हाय," ती म्हणाली, "तेल पडलं तरी भिजत न्हाई."

मी मिठाची बरणी उचलून बघितली. खाली स्विचबोर्ड. तुटलेल्या बटणासकट. तूरडाळीच्या डब्याखाली काकाची उंची. दाराचा कुठाय म्हणून एकेक डबा उचलत गेलो, तर नाही. विचारलं तर म्हणाली, तो न्हाई अंथरला. तो घडी करून ट्रंकंत ठेवलाय, आज्याच्या गिरणीच्या पासाजवळ.

संपादक, तो कागद मिळणार नाही. मी मागितला नाही, मागणारही नाही. अंकाला हे एवढंच.